आधी छाप, मग शिव

कापडी बॅगवर स्क्रीन प्रिंट करायचं असेल तर ती शिवून झाल्यावर प्रिंट करायच्या भानगडीत पडू नकोस, शिलाईच्या उंचवट्यावर स्क्रीन (चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यातून रंग कापडावर उतरतो) सपाट बसत नाही आणि कडेने रंग पसरतो. मांजरपाट घेतलास तर आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढ, नाहीतर रंग खळीवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात फिका पडतो, शिवाय कापड आटतं ते वेगळंच. मग इस्त्री करून पेन्सिलीने कापायची रेघ आणि त्याच्या आत शिलाईचा एक सेंटीमीटर आखून घे, पण कापू नकोस, मोठं कापड टेबलावर ताणून बसवायला सोपं जातं.

आता गंमत ऐक. पुढचा-मागचा भाग एकाच लांब पट्टीत घेऊन तळाला घडी घालणार असशील, तर दोन्ही चित्रांचे पाय मधल्या घडीकडे आले पाहिजेत, एकाच दिशेने छापलंस तर मागचा हत्ती डोक्यावर उभा!! कागदाची छोटी बॅग करून बघ, लगेच कळेल.

स्क्रीनची जाळी ४३ टी (म्हणजे सेंटीमीटरला ४३ धागे) पुरते, बारीक रेघा असतील तर जास्त नंबरची घे. पाण्यावर आधारित छपाईचा रंग जाळीत वाळला की स्क्रीन गेलीच म्हणून समज, त्यामुळे काम संपलं की लगेच धू, चहा नंतर. रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून इस्त्री फिरव, तीन-चार मिनिटं तरी.

शिवताना टाचण्या फक्त शिलाईच्या पट्टीत लाव, प्रिंटमधलं भोक दिसत राहतं. बॅग धरायच्या पट्ट्यांना जाड थर येतो तिथे मशीनला १६ नंबरची, म्हणजे जाड सुई लाव.