"मॅडम, परत घेतील का?"

सातारा भागात काउन्सेलिंग करायचं म्हणजे घरटी फौजी असलेल्या गावांतली माणसं येणारच, आणि त्यातलं डिस्चार्ज होऊन, म्हणजे सैन्यातून कमी करून घरी पाठवलेलं पोरगं असलं की पहिला प्रश्न ठरलेला, मॅडम परत घेतील का. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

हा 27 वर्षांचा, सर्व्हिस 8 वर्षं. आई आजारी म्हणून सुट्टी संपली तरी घरीच थांबला, एकदा नाही तीनदा, वर एक मारामारी, अशा चार रेड इंक एन्ट्र्या (सर्व्हिस रेकॉर्डवर लाल शाईने नोंदलेल्या शिक्षा) झाल्या आणि घरी पाठवला. गावात सांगितलं लांब सुट्टीवर आलोय. पाच महिने कसली सुट्टी, गावाला काय कळत नाही का? पण तोंडावर कुणी बोलत नव्हतं आणि तेच त्याला जास्त लागत होतं. वडील रिटायर्ड हवालदार, ते ताट घेऊन बाहेर ओट्यावर जेवायला बसायचे.

त्याचा प्लॅन काय, तर जुनं सगळं लपवून नव्याने भरतीला उभं राहायचं. म्हटलं बाबा रे, एक तर तुझं वय बसत नाही, आणि भरती होताना मुद्दाम खोटी माहिती दिली तर आर्मी ॲक्टच्या कलम 44 खाली 5 वर्षांपर्यंत कैद आहे. मग विचारलं, तुला डिसमिस, म्हणजे शिक्षा म्हणून बडतर्फ केलंय, की नुसता डिस्चार्ज? त्याला नीट सांगताच येईना! आल्यापासून कागदांची ट्रंकच उघडली नव्हती. खरं तर मला तिथेच कळलं की याला परत जायचंय त्यापेक्षा हे झालंच नाही असं व्हायला हवंय.

मी वकील नाही, पण एवढं माहितीये की नुसत्या चार रेड इंक आहेत म्हणून आपोआप काढता येत नाही, किती सर्व्हिस झाली, कुठल्या खडतर जागी झाली हे सगळं बघावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने 2015 ला सांगितलंय. म्हणजे प्रश्न परत भरतीचा नव्हताच, डिस्चार्जला आव्हान द्यायचं की नाही एवढाच होता. असं आव्हान जिथे द्यायचं त्या सैन्य न्यायाधिकरणाचं (आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल) बेंच मुंबईतही आहे, आणि अर्जाला साधारण 6 महिन्यांची मुदत.

पुढच्या वेळी वडील सोबत, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्चार्ज बुक. माझ्यासमोरच पोरावर ओरडले, "पाच महिने झाले आणि मला आज सांगतोस होय रं?" मी मधे पडले नाही, बऱ्याच दिवसांनी बोलत होते ते.

अर्ज मुदतीत गेला, केस चालू आहे, काय होईल माहीत नाही. परवा आला तेव्हा परत घेतील का हे विचारलंच नाही, रात्री झोप लागत नाही म्हणाला.