बारावीचे गुण आणि महाविद्यालयातील गणित

प्रश्न : माझ्या मुलीला बारावीला गणितात ८९ गुण होते. शाळा हिंदी माध्यमाची होती. आता ती इंदूरमध्येच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि कॅल्क्युलसच्या पहिल्याच चाचणीत जेमतेम उत्तीर्ण झाली. रोज चार-चार तास खोलीचे दार लावून एकटी अभ्यास करते. तिचे वडील म्हणतात की विषय बदलावा. पुढे तिला गणित जमेल की नाही, हे आत्ताच ओळखता येते का? – एक आई, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, एका चाचणीवरून ते ओळखता येत नाही, आणि बारावीच्या एका आकड्यावरूनही नाही. बोर्डाच्या परीक्षेत ठरावीक नमुन्याची उदाहरणे पाठ करून चांगले गुण मिळवता येतात. महाविद्यालयात मात्र तीच कल्पना अनोळखी रूपात समोर येते आणि तेथे पायाचा कस लागतो. हार्वर्डचे फिलिप सॅडलर आणि गेरहार्ड सोनर्ट यांनी अमेरिकेतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ साली असे दाखवले की, शाळेत कॅल्क्युलस शिकलेले असण्याचा महाविद्यालयातील कॅल्क्युलसमध्ये जेवढा उपयोग होतो, त्याच्या दुपटीहून अधिक उपयोग बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती यांवरील पक्क्या पकडीचा होतो. म्हणून मुलीची उत्तरपत्रिका मिळाली तर ती तिच्याबरोबर बसून पाहा. मर्यादा (लिमिट) किंवा अवकलनाची (डिफरन्सिएशन) कल्पनाच समजलेली नाही, की कल्पना समजूनही १/(अ+ब) चे १/अ + १/ब करण्यासारख्या चुकांमुळे उत्तर बिघडले आहे? माझ्या अनुभवात दुसरा प्रकार फार आढळतो, आणि तो अकरावीचे पुस्तक पुन्हा काढून महिन्या-दोन महिन्यांत सुधारता येतो.

माध्यमाकडेही लक्ष द्या. शाळेत ‘अवकलन’ आणि ‘समाकलन’ म्हणून शिकलेली मुलगी आता डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन वाचते, तेव्हा प्रश्नाचा अर्थ लावण्यातच तिचा वेळ जातो. तिने दोन्ही शब्द शेजारी-शेजारी लिहून एक वही करावी.

मला अधिक काळजी वाटते ती बंद दाराची. गणिताचे अध्यापक यूरी ट्राइसमन यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, कॅल्क्युलस शिकणाऱ्या २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचे जवळून निरीक्षण केले. कृष्णवर्णीय मुले मागे पडण्याची कारणे कष्टांची उणीव, घरची परिस्थिती किंवा कच्ची पूर्वतयारी अशी असावीत, असा प्राध्यापकांचा समज होता, आणि तो टिकला नाही. ती मुले नेमाने, पण एकेकटी अभ्यास करीत होती. चिनी वंशाची मुले आधी स्वतः उदाहरणे सोडवत आणि मग एकत्र बसून उत्तरे पडताळत. त्यामुळे आपली चूक आपली एकट्याची आहे की उदाहरणच अवघड आहे, हे त्यांना लगेच कळे. पुढे ट्राइसमन यांनी गटाने अवघड उदाहरणे सोडवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल स्पष्टपणे सुधारले.

तेव्हा वर्गातील दोन-तीन मैत्रिणींना रविवारी सकाळी घरी बोलवा. आठवड्याची उदाहरणे प्रत्येकीने आधी स्वतः सोडवून आणावीत आणि मग फळ्यावर एकमेकींना समजावून सांगावीत. भंवरकुआच्या एखाद्या कोचिंगचे शुल्क भरण्याआधी हे करून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. कारण तेथेही ती बहुधा सोडवलेली उदाहरणे उतरवूनच घेईल. सोडवलेले उदाहरण वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते, पण पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर ते पुन्हा मांडता आले तरच ते आले असे समजावे, आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा मांडून पाहावे.

वडिलांना सत्र संपेपर्यंत थांबायला सांगा. अकरावीचा पाया दुरुस्त झाल्यावर, गटात बसू लागल्यावरही तिला या विषयात मन रमत नाही असे ती स्वतः म्हणाली, तर विषय बदलण्याचा विचार जरूर करावा. पण तो निर्णय तिचा असावा.