आर्कमध्ये सिमेंटिंग पेस्ट : डॅम पुन्हा का भरत नाहीत

तुम्ही लिहिलंय की आर्क या डायनासोरांच्या व्हिडिओ गेममध्ये आयलंड मॅपवर फोंड्यातले तिघे मित्र खेळताय, मेटल बेस सुरू केलाय, मॉर्टरमधून (म्हणजे गेममधल्या खलबत्त्यातून) त्याला लागणारी सिमेंटिंग पेस्ट पुरत नाही आणि पहिल्या फेरीत लुटलेले बीव्हरचे डॅम, म्हणजे त्यांनी पाण्यात बांधलेले, आत तयार पेस्ट असलेले बांध, नंतर भरलेच नाहीत. डॅमचा प्रश्न आधी सोडवा, बाकीचं सोपं होईल.

तुम्ही पेस्ट, मोती आणि दुर्मिळ फुलं घेतलीत, पण लाकूड जड म्हणून आतच ठेवलंत. चूक तिथे आहे. एक जरी लाकूड उरलं तरी डॅम उभा राहतो आणि त्या जागेवर नवा तयार होत नाही. म्हणून सगळं घ्या, डॅम नाहीसा होऊ द्या आणि मग लाकूड जमिनीवर टाकून द्या. जुने अर्धवट डॅमही आज जाऊन रिकामे करा. बीव्हर मात्र सरसकट मारू नका, डॅम तेच बांधतात. नुसता डॅम उघडला तर ते चिडत नाहीत, वस्तू काढली की आजूबाजूचे सगळे अंगावर येतात. स्वारीचा पक्षी अगदी शेजारी उतरवा. लाकडाच्या वजनाने पाय अडकले, तर इन्व्हेंटरीतून (जवळच्या सामानातून) लाकूड आधी टाका आणि मगच स्वार व्हा.

आता हिशेब. मेटल फाउंडेशनला (पायाच्या एका तुकड्याला) 50 इनगॉट, म्हणजे धातूच्या विटा, आणि 15 पेस्ट लागते, भिंतीला 25 आणि 7. म्हणजे 16 फाउंडेशन आणि 16 भिंतींना 352 पेस्ट. मॉर्टरमध्ये एका पेस्टला 8 दगड आणि 4 कायटिन (किड्यांचं कठीण कवच) किंवा केराटिन (शिंग-कवचाचा पदार्थ) जातं, म्हणजे 2816 दगड. दगडाचं वजन 0.5, तेव्हा नुसते दगडच 1408 वजनाचे होतात. हे पाठीवर वाहायचं कामच नाही. डोएडिक्युरस हा कवचधारी प्राणी पकडा, तो दगड भराभर फोडतो आणि त्याच्या अंगावर दगडाचं वजन बरंच कमी धरलं जातं. केमिस्ट्री बेंच, म्हणजे मॉर्टरची पुढची पायरी, मिळाला की चार पेस्टच्या मालात सहा निघतात. तोपर्यंत मॉर्टर फक्त तुटवडा भरून काढायला ठेवावा, असं माझं मत आहे.

कायटिनसाठी किनाऱ्यावरचे ट्रायलोबाइट आणि दलदलीतले किडे. कासवांकडून केराटिन मिळतं, आणि ती हळू चालतात म्हणून सुरुवातीला सोयीची.

दलदलीत जाणारच असाल तर बेडूक, म्हणजे बील्झेबुफो, पाळा. त्याच्यावर बसून मेगान्युरासारखे (मोठे चतुर) किडे मारलेत की कायटिनऐवजी थेट पेस्टच बेडकाच्या इन्व्हेंटरीत येते. दगड नको, मॉर्टर नको. धोका काप्रोसुकस या मगरीसारख्या प्राण्याचा. तो पाण्यातून झेप घेऊन स्वाराला खाली ओढतो, म्हणून खोल पाण्याच्या कडेने न जाता कोरड्या उंचवट्यांवरून फिरा. तिघे आहात, एकाने वरून पक्ष्यावर पहारा ठेवला तर उत्तम.

आणखी एक, पेस्ट साठली की लगेच पॉलिमर या पुढच्या टप्प्यातल्या साहित्यामागे लागू नका. एका पॉलिमरला 2 ऑब्सिडियन (काळा काचेसारखा दगड) आणि 2 पेस्ट जाते, आणि भिंती तशाच राहतात.

पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि मूळ सेटिंगमध्ये ऑटोसेव्ह (खेळ आपोआप जतन होणं) दर 15 मिनिटांनीच होतो. डॅमची फेरी संपवून बेसवर आलात की होस्टने (ज्याच्या मशीनवर खेळ चालतो त्याने) कन्सोलवर सेव्हवर्ल्ड ही जतन करायची आज्ञा द्यावी, मगच पुढच्या तळ्याकडे निघावं.