अंगणातले पतंग (मॉथ, म्हणजे दिव्यावर येणारे कीटक) ओळखायला लागताय? मग हे वाचा

सगळ्यात आधी सांगतो, महागडी लेन्स आत्ताच घेऊ नका. बडोद्यात पहिला पाऊस पडला की गच्चीवर किंवा मागच्या अंगणात दोरीवर पांढरी चादर ताणून बांधा, समोर एक यूव्ही एलईडी (अतिनील प्रकाशाचा दिवा) लावा आणि आसपासचे बाकी दिवे बंद करा, अमावास्येच्या आसपासची दमट, वारा नसलेली रात्र असेल तर फारच छान, कारण चांदण्यात पतंग दिव्याकडे कमीच येतात.

फोटो मात्र नीट काढा. एक बरोबर वरून, पंखांवरची नक्षी सपाट दिसेल असा, आणि एक बाजूने, मिशा दिसतील असा. फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते, पतंगाच्या मिशा बहुतेक वेळा दोऱ्यासारख्या नाहीतर पिसासारख्या. शेजारी पट्टी ठेवून पण एक काढा, फोटोवरून साईज कळतच नाही हो! फ्लॅशवर टिश्यू पेपर लावा, नाहीतर पंखांवरचे खवले चमकून सगळा रंग जातो.

दिवसा झाडं बघा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कण्हेर किंवा तगरीवर जाडजूड हिरवी अळी आणि तिच्या डोक्यामागे निळे डोळ्यांसारखे ठिपके दिसले तर ती ओलिअँडर हॉकमॉथ या पतंगाची, वड-उंबरावर असोटा नावाच्या पतंगांच्या अळ्या शोधा.

नाव लगेच प्रजातीपर्यंत न्यायचा हट्ट नको, कुळापर्यंत आलं तरी चालतं, फोटो आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायची साईट) टाका आणि मॉथ्स ऑफ इंडियाच्या साईटवर ताडून बघा. आणि काम झालं की दिवा बंद करा बरं का, नाहीतर पहाटे बुलबुल येऊन चादरीवरचे सगळे टिपतात.