अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातली रिकामी खुर्ची : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : न्यायमूर्ती नेमण्याचा अधिकार अध्यक्षांचा आहे ना? मग सिनेट, म्हणजे अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह, नाव अडवून कसं ठेवते?

अधिकार अर्धाच आहे. घटनेच्या दुसऱ्या कलमानुसार अध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेटचा 'सल्ला व संमती' मिळाली तरच नेमणूक होते. संमती किती दिवसांत द्यायची, मतदान घ्यायचं की नाही, याबद्दल घटनेत चकार शब्द नाही. सगळं राजकारण चालतं ते याच मोकळ्या जागेत. फेब्रुवारी 2016 मध्ये न्या. अँटोनिन स्कॅलिया वारले. मार्चमध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष बराक ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. सिनेटमध्ये बहुमत रिपब्लिकनांचं होतं. त्यांचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या. गार्लंड यांची ना सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, ना त्यांच्यावर मतदान. 293 दिवस नाव पडून राहिलं आणि जानेवारी 2017 मध्ये आपोआप बाद झालं. नकाराचं मत कुणालाच द्यावं लागलं नाही.

प्रश्न : मग 2020 मध्ये तोच नियम का नाही लावला?

कारण तो नियम नव्हता, सोय होती. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग 18 सप्टेंबरला गेल्या आणि 26 ऑक्टोबरला, रिपब्लिकन अध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या एमी कोनी बॅरेट यांच्या नावावर 52 विरुद्ध 48 मतांनी शिक्कामोर्तबही झालं. अध्यक्षपदाची निवडणूक होती 3 नोव्हेंबरला! मॅकॉनेल यांचा खुलासा असा की, 2016 मध्ये अध्यक्ष एका पक्षाचे आणि सिनेट दुसऱ्या पक्षाची होती, या वेळी दोन्ही एकाच पक्षाकडे आहेत. तर्क म्हणून हे चालेल; पण मग 'जनतेला ठरवू द्या' याचं काय झालं? डेमोक्रॅटही धुतल्या तांदळासारखे नाहीत. 2016 मध्ये 'मतदान घ्या' म्हणणारे 2020 मध्ये 'थांबा' म्हणू लागले.

प्रश्न : पूर्वी या नेमणुका एकमताने व्हायच्या असं वाचलं. खरं आहे का?

काही व्हायच्या, काही जवळपास एकमताने. 1986 मध्ये स्कॅलिया यांना 98 विरुद्ध 0, तर 1993 मध्ये गिन्सबर्ग यांना 96 विरुद्ध 3 मतं मिळाली. दोघांचे विचार दोन टोकांचे, तरीही. पण याच दोन नेमणुकांच्या मधे, 1987 मध्ये, रॉबर्ट बोर्क 42 विरुद्ध 58 असे पडले. त्याच्याही कितीतरी आधी, 1916 मध्ये, लुई ब्रँडाइस यांच्या नावावर चार महिने रण माजलं होतं. तेव्हा जुना काळ सोन्याचा होता असं मानू नका.

खरा बदल झाला तो मतांच्या हिशेबात. चर्चा थांबवून मतदान घ्यायला पूर्वी 100 पैकी 60 मतं लागत. 2013 मध्ये डेमोक्रॅटांनी खालच्या न्यायालयांसाठी ही अट काढली. 2017 मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठीही काढून टाकली. आता साधं बहुमत पुरतं. समोरच्या पक्षाचं एकही मत नको असेल तर अध्यक्ष त्यांना पटेल असं नाव कशाला शोधतील?

प्रश्न : सुनावणीत उमेदवार सरळ उत्तर का देत नाहीत?

बोर्क यांनी दिली होती, सविस्तर. त्यांचं काय झालं ते वर आलंच आहे. तेव्हापासून सगळे जपून बोलतात. 2020 च्या सुनावणीत एका सिनेटरने बॅरेट यांना विचारलं, समोर काय टिपणं ठेवली आहेत? त्यांनी कोरा कागद उचलून दाखवला. त्यांच्या तयारीचं कौतुक झालं, पण उत्तरंही बरीचशी तशीच होती. गर्भपाताच्या हक्काबद्दलचा 'रो' निकाल घ्या. न्या. नील गोरसच आणि न्या. ब्रेट कॅव्हानॉ यांनी आपापल्या सुनावणीत तो पूर्वनिर्णय, म्हणजे पुढच्या खटल्यांत आधार मानला जाणारा जुना निकाल, आहे हे मान्य केलं. 2022 मध्ये तो रद्द करणाऱ्यांत हे दोघंही होते आणि बॅरेटही. 'पूर्वनिर्णय आहे' आणि 'मी तो बदलणार नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दुसरं त्यांनी उच्चारलंच नव्हतं. माझ्या मते सुनावणीपेक्षा उमेदवाराचे जुने निकाल वाचावेत.

प्रश्न : उमेदवार वकील असायलाच हवा का?

नाही. वय, शिक्षण, नागरिकत्व, घटनेत कसलीच अट नाही. प्रत्यक्षात मात्र आजवरचे सगळे वकीलच.

प्रश्न : पुढची जागा रिकामी झाली की आधी काय पाहावं?

सिनेटचं संख्याबळ. नाव नंतर. नेमणूक तहहयात असल्याने न्यायमूर्तीही हे गणित ओळखून असतात. स्टीफन ब्रायर यांनी जानेवारी 2022 मध्ये निवृत्ती जाहीर केली तेव्हा सिनेट 50-50 अशी दुभंगलेली होती आणि बरोबरी फोडणारं मत डेमोक्रॅट उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं होतं. नोव्हेंबरात मध्यावधी निवडणुका, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर होणाऱ्या संसदेच्या निवडणुका, होत्या; बहुमत हातचं जाऊ शकत होतं. ब्रायर यांच्या जागी केतान्जी ब्राउन जॅक्सन यांचं नाव एप्रिलमध्येच 53 विरुद्ध 47 मतांनी मंजूर झालं.