केमिस्ट्रीतून प्रोटीनच्या लॅबमध्ये जाता येईल का?

प्रश्न : मी साताऱ्यात टी.वाय.बी.एस्सी. केमिस्ट्रीला आहे. बायोलॉजी बारावीनंतर सुटलं, पण काम प्रोटीनवर करायचंय. उन्हाळी प्रोजेक्टमध्ये अँटिबॉडीला बायोटिन (खूण म्हणून लावतात ते छोटं जीवनसत्त्व) जोडायचं आहे. मला जमेल का?

उत्तर : जमेल, कारण ही अभिक्रिया तुझ्याच विषयातली आहे. लायसिन या अमिनो आम्लाचा अमीन, बायोटिनला लावलेल्या एनएचएस एस्टरच्या (अमीनशी चटकन जुळणारा गट) कार्बोनिलवर हल्ला करतो आणि अमाइड बंध तयार होतो. अमीनवर प्रोटॉन असेल तर तो हल्ला करत नाही, म्हणून पीएच 7.2 ते 8.5 ठेवतात. पीएच आणखी वाढवला, तर पाणीच एस्टर फोडून टाकतं.

हिशेब आधी कागदावर कर. 2 मिग्रॅ आयजीजी (नेहमीच्या अँटिबॉडीचा प्रकार) म्हणजे साधारण 13 नॅनोमोल. मोलमध्ये त्याच्या वीसपट रिएजंट हवा, तर सल्फो-एनएचएस-एलसी-बायोटिनचं (एनएचएस एस्टर लावलेलं, पाण्यात विरघळणारं बायोटिन) 10 मिलिमोलर द्रावण 27 मायक्रोलिटर लागेल. हे द्रावण आयत्या वेळी बनव, उरलेलं टाकून दे. खोलीच्या तापमानाला अर्धा तास पुरतो. मग डिसॉल्टिंग कॉलममधून (छोटे रेणू मागे ठेवून प्रोटीन आधी बाहेर सोडणारी नळी) मोकळं बायोटिन काढून टाक. ते राहिलं, तर पुढे स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या (बायोटिनला घट्ट धरणारं प्रोटीन) जागा तेच अडवतं.

घोडं पेंड खातं ते बहुधा बफरपाशी. ट्रिस आणि ग्लायसिन या बफरमधल्या पदार्थांतही प्राथमिक अमीन असतो; रिएजंट तिकडेच संपतो. विकतच्या अँटिबॉडीत बऱ्याचदा बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) मिसळलेलं असतं, आणि बीएसएमध्ये लायसिन भरपूर. तेव्हा लेबल वाच, पीबीएस (फॉस्फेटचा, अमीन नसलेला बफर) वापर. उणे 20 अंशांतली रिएजंटची बाटली खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नकोस. आत दव धरलं की एस्टर गेला. बायोटिन फार जोडलं गेलं आणि अँटिजेन धरण्याच्या जागेतलंच लायसिन झाकलं, तर अँटिबॉडी निकामी होते. अशा वेळी सिस्टीनवर (गंधक असलेलं अमिनो आम्ल) मॅलिमाइड (त्या गंधकाशी जुळणारा गट) वापरतात, पीएच 6.5 ते 7.5. सिस्टीनचे आपसातले बंध सोडवायला घातलेलं डीटीटी त्याआधी पूर्ण काढावं लागतं, कारण त्यातही गंधक असतो.

पुढे आरएनएवर काम करायचं ठरलं, तर डायमिथाइल सल्फेट भेटेल. ते जोडी न जुळलेल्या अ‍ॅडेनिन-सायटोसिनवर मिथाइल गट बसवतं. तुझ्या डीएनएवरही बसवू शकतं. फ्यूम हूडबाहेर त्याची बाटली उघडायची नाही म्हणजे नाही.

एम.एस्सी.साठी विषय बदलू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. आयआयटी जॅमचा (एम.एस्सी. प्रवेशाची परीक्षा) केमिस्ट्रीचा पेपर दे, नंतर सीएसआयआर नेट (संशोधन फेलोशिपची परीक्षा) केमिकल सायन्सेसमधून. बायोलॉजीत सध्या एवढंच कर : वीस अमिनो आम्लांच्या बाजूच्या साखळ्या, त्यांचे पीकेए (प्रोटॉन कोणत्या पीएचला सुटतो ते) आणि एसडीएस-पेज (प्रोटीन आकारानुसार वेगळी करण्याची जेलची पद्धत).

प्रोजेक्टमध्ये पहिल्याच दिवशी एक जादा ट्यूब लाव : तीच अँटिबॉडी, तोच बफर, रिएजंटऐवजी 27 मायक्रोलिटर पाणी. या ट्यूबमध्येही सिग्नल आला, तर तो बायोटिनचा नाही.