माणूस सुधारला, तरी फाशी द्यायची का?

तुम्ही विचारलंय, पंधरा-वीस वर्षं तुरुंगात काढून जो खरोखर सुधारला, त्यालाही फासावर चढवायचं का? माझं मत: नाही. आणि त्याला मोकळंही सोडू नये. या दोन गोष्टींची गल्लत झाली की वाद भलतीकडेच जातो.

मी धुळ्याला फौजदारी वकिली करतो. शिक्षेवरचा युक्तिवाद बहुतेकदा कसा होतो ते सांगतो. सकाळी आरोपी दोषी ठरतो. जेवणाच्या सुट्टीनंतर, फार तर दुसऱ्या दिवशी, न्यायाधीश त्याला विचारतात, "शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?" तो मान खाली घालतो. मग वकील उभा राहून पाठ झालेलं म्हणतो: वय लहान, पहिलाच गुन्हा, घरी म्हातारे आईबाप, दया व्हावी. पाच मिनिटांत विषय आटोपतो. हा माणूस पुढे सुधारेल की नाही, हे तेवढ्यात ब्रह्मदेवाला तरी कळेल का?

कायदा मात्र नेमकं तेच विचारतो. १९८० च्या बच्चनसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशी कायम ठेवली, पण दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणांपुरती. आणि आरोपी सुधारण्यापलीकडचा आहे हे सरकारने पुराव्यानिशी दाखवावं, असंही म्हटलं. मग तोच माणूस पुढे सुधारलेला दिसला, तर ज्या आधारावर फाशी दिली तो आधारच उरत नाही. यात दयेचा प्रश्न कुठे आला? २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका कैद्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेत बदलली. लहान मुलाचा खून केला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. अठरा वर्षं आत काढली, तिथे शिकला, कविता लिहिल्या, आणि न्यायालयाने त्या कवितांचीही दखल घेतली.

आम्हा खानदेशकरांना तरी हे नवं वाटू नये. १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवरची प्रवचनं दिली ती आमच्या धुळ्याच्या तुरुंगात, आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. (ते राजकीय कैदी होते हे मान्य, खुनी नव्हेत.) पण त्याच विनोबांना पुढे तहसीलदारसिंग या फाशीच्या कैद्याने नैनीच्या तुरुंगातून पत्र लिहिलं, आणि १९६० मध्ये चंबळच्या डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या.

आता दुसरी बाजू. साक्री तालुक्यातल्या एका खटल्यात मी आरोपीचा वकील होतो. कोर्टाच्या व्हरांड्यात मेलेल्या मुलीची आई मला म्हणाली, "तो सुधरना, ते मनी पोर परत येई का, वकीलसाहेब?" मी गप्प राहिलो. या प्रश्नाला कुठल्याच निकालपत्रात उत्तर नाही, आणि आहे असा आव कुणी आणू नये. फाशीनेही पोर परत येत नाही, हे तिला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही.

शिवाय सुधारण्याचं सोंग घेणारेही असतातच. माळ घातली, दाढी वाढवली, की झाले साधू! म्हणूनच मोकळं सोडण्याच्या मी विरोधात आहे. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यापासून न्यायालयं फाशीऐवजी माफी न मिळणारी जन्मठेप देऊ लागली, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्या मार्गावर शिक्कामोर्तब केलं. वीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत, मध्ये सूट नाही. सोंग असेल तर आतच राहील. खरं असेल तर आत राहूनही चार कैद्यांना अक्षरओळख करून देईल.

माझा खरा राग सुधारणा तपासण्याच्या पद्धतीवर आहे. तुरुंगाच्या अहवालात एकच ओळ असते: "वर्तणूक समाधानकारक." त्यावरून एखाद्याचा जीव घ्यायचा की ठेवायचा ते ठरवायचं! मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की कैद्याची मानसिक तपासणी, तुरुंगातलं वागणं, घरची परिस्थिती हे सगळं मागवूनच शिक्षा ठरवा. पण हे काम दोषी ठरल्यावर घाईघाईत उरकण्यासारखं नाही. आरोपपत्र दाखल झालं की परिविक्षा अधिकाऱ्याने (आरोपीची पार्श्वभूमी तपासणारा सरकारी माणूस) आरोपीच्या गावी जाऊन शाळेतले गुरुजी, शेजारीपाजारी, भाऊबंद यांच्याशी बोलावं आणि ते कागद फाईलला लागावेत. म्हणजे पुढे प्रकरण उच्च न्यायालयाच्या संभाजीनगरच्या खंडपीठात गेलं, तर न्यायाधीशांपुढे पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा काहीतरी जास्त असेल.